बोटीच्या डिझेल टाकीचे भाग कशाचे घ्यावेत : पत्र्यापासून ओ-रिंगपर्यंत

टाकीचा पत्रा फुटला म्हणून समुद्रात थांबलेली बोट मला फारशी आठवत नाही. झाकणाची रिंग फुगून झाकण बसेना म्हणून, ब्रीदरमधून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या नळीतून, पाणी शिरलं म्हणून, नळी आतून सुटून तिचे कपटे फिल्टरात अडकले म्हणून थांबलेल्या बोटी मात्र कितीतरी पाहिल्या. नवी टाकी करायची ठरली की नाखवा पत्र्याच्या जाडीवर तासभर बोलतो. पॅकिंग, कॉक, क्लिपा, रिंगा हे सगळं फॅब्रिकेटरच्या पोऱ्यावर सोपवलं जातं. पोऱ्या मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन जे पुढ्यात येईल ते पिशवीत भरून आणतो. मग पंधरा वर्षं टिकावी अशी टाकी तिच्या तोंडावरच्या काही रुपयांच्या रबरापायी पहिल्याच पावसाळ्यात घाण होते.

म्हणून या लेखात मी पत्र्यापेक्षा छोट्या भागांवर जास्त बोलणार आहे. मुख्य विचार इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, डिझेल इंजिनाच्या बोटीचा केला आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड होड्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे, ते जरूर वाचा, कारण तिथे धोका मोठा आहे.

काम कधी काढायचं

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. बोटी शाकारलेल्या असतात, टाकी रिकामी करता येते, फॅब्रिकेटरलाही वेळ असतो. पण सामान मे महिन्यातच आणून ठेवा. रबराची परीक्षा करायला आठवडा लागतो, चांगली नळी कधी मागवावी लागते. नारळी पौर्णिमेच्या आधल्या आठवड्यात धावपळ करून घेतलेलं सामान म्हणजे दुकानात उरलेलं सामान.

पहिली पायरी : प्रत्येक भागाला चार प्रश्न

वही घ्या आणि टाकीपासून इंजिनाच्या फिल्टरपर्यंतचा प्रत्येक भाग लिहून काढा. डेकवरचं झाकण, भरायची नळी, ब्रीदर, हॅच म्हणजे हात घालायच्या तोंडाचं झाकण, त्याचे बोल्ट, गेज, सप्लायचा कॉक, इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची लाइन, तळाचं पाणी काढायचा ड्रेन, टाकीखालचे पट्टे. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : आतून त्याला काय लागतं, तळाशी त्याच्यावर काय साचतं, बाहेरून काय लागतं, आणि त्याच्या शेजारी कोणता धातू आहे.

आतून डिझेल लागतं हे उघड आहे, पण ते डिझेल आता पूर्वीचं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची बाकीची घडणही थोडी बदलते. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेलं रबर नव्या डिझेलमध्ये आकसतं आणि जो जोड कधी गळला नव्हता तो पाझरायला लागतो. तुमच्या टाकीवर जुन्या काळच्या रिंगा अजून असतील तर त्या चांगल्या दिसत असल्या तरी बदला.

तळाशी पाणी साचतं. मुंबईच्या पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी रात्री थंड झाली की आतल्या वरच्या बाजूला दव धरतं. ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्यानं खाली जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, काळा बुळबुळीत थर धरतो आणि त्यातून आम्ल तयार होतं. म्हणून टाकीचा सर्वांत जास्त छळ होणारा भाग म्हणजे तळाची वितभर जागा, आणि ड्रेनचा कॉक नेमका तिथेच असतो.

बाहेरून खारं पाणी, माशांच्या खणातून पाझरणारं बर्फाचं पाणी, बिल्जमधली, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेतली, ओल. आणि शेजारचा धातू हा प्रश्न लोक सर्वांत जास्त विसरतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारी ओल आली की ती एक छोटी बॅटरी होते. त्यात दोघांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो. ॲल्युमिनिअमच्या टाकीला पितळेचा कॉक थेट लावला तर कॉक चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनिअम पांढऱ्या भुकटीसारखं गळून पडतं.

दुसरी पायरी : टाकीचा पत्रा

आपल्याकडच्या बोटींवर साधं लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, हे डिझेलसाठी अजूनही चांगलं साहित्य आहे. ते कुठेही वेल्ड होतं, मुंबईच्या दारुखान्यातल्या लोखंड बाजारात सहज मिळतं, आणि आतल्या बाजूला डिझेलचा थर त्याला सांभाळतो. त्याचं मरण दोन ठिकाणी असतं. एक, तळाशी साचलेलं पाणी. दोन, बाहेरून पट्ट्याखाली किंवा लाकडाला टेकलेल्या जागी धरलेला गंज. तळाला उतार द्या, सर्वांत खोल जागी छोटा डबा काढून तिथे ड्रेन बसवा. बाहेरून पत्रा घासून पूर्ण कोरडा करून इपॉक्सी प्रायमर आणि इपॉक्सी रंग द्या. आतून साधा रंग अजिबात देऊ नका, डिझेल तो सोलून फिल्टरमध्ये नेऊन टाकतं.

ॲल्युमिनिअम हलकं आणि उत्तम, पण मिश्रधातू योग्य हवा. समुद्रासाठी ५०८३, ५०८६ किंवा ५०५२ मागा. भांड्याचा किंवा छपराचा पत्रा चालणार नाही. ५०८३ मध्ये मॅग्नेशिअम चार टक्क्यांहून जास्त असतं, त्यामुळे तो खाऱ्या हवेत टिकतो, पण सतत ६५ अंशांच्या वर तापत राहिला तर आतून कमजोर होऊ लागतो. एक्झॉस्टला खेटून ही टाकी बसवू नका. दुसरी काळजी ओलीची : ॲल्युमिनिअम ओल्या प्लायवूडवर किंवा फोमवर टेकलं की खालून खड्डे पडतात, आणि वरून काहीच कळत नाही.

स्टेनलेस स्टीलबद्दल लोकांच्या मनात फार आदर आहे. तो थोडा कमी करावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. स्टेनलेस टिकतं ते पृष्ठभागावरच्या पातळ थरामुळे, आणि तो थर दुरुस्त व्हायला हवेतला ऑक्सिजन लागतो. पट्ट्याखाली, रबराखाली, वेल्डच्या फटीत खारी ओल अडकली की हवा मिळत नाही आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक आरपार पडतं. टाकी स्टेनलेसचीच करायची असेल तर ३१६एल घ्या. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या पाण्यापासून वाचवतं. शेवटचा ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डिंगच्या कडेला गंज धरत नाही. आर्गन वेल्डिंगच करून घ्या, वेल्डवरचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने काढायला लावा, आणि लोखंडावर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील किंवा तारेचा ब्रश त्याला लावू देऊ नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके दिसायला लागतात.

प्लास्टिकच्या टाक्या छोट्या होड्यांना चांगल्या, पण त्या इंधनासाठीच बनवलेल्या हव्यात. पाण्याचा निळा ड्रम म्हणजे टाकी नव्हे. पॉलिइथिलीन इंधन शोषून साधारण दोन टक्के फुगतं. मीटरभर लांब टाकी दोनेक सेंटिमीटर वाढते. कोंदणात घट्ट बसवली तर ती फुगायला जागा शोधते आणि फिटिंगच्या गळ्याशी चिरते. आधी भरून काही दिवस ठेवा, मग पट्टे आवळा.

फायबरच्या बोटीत टाकीही फायबरचीच करायचा मोह होतो. बाजारात जीपी, आयसो आणि व्हिनाइल इस्टर असे रेझिनचे प्रकार मिळतात. जीपी रेझिन इंधनासाठी घेऊ नका. व्हिनाइल इस्टर महाग पडतं, तरी तेच घ्या. आणि टाकी बोटीच्या अंगातच घडवून टाकू नका. जी टाकी बाहेर काढता येत नाही ती तपासताही येत नाही.

जुनी टाकी दुरुस्त करणार असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत वाफ भरलेली असते. ‘डिझेल पेटत नाही’ असं म्हणत वेल्डिंगचा रॉड लावणारे लोक मी पाहिले आहेत. टाकी बाहेर काढा, वाफेने धुऊन घ्या, आत गॅस नाही हे मीटर लावून तपासून घ्या, मगच ठिणगी.

तिसरी पायरी : आत काय असू नये

गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जीआय. पाण्याच्या पाइपलाइनीला हे उत्तम, म्हणून प्लंबरच्या सवयीनं जीआयचं निप्पल, जीआयचा एल्बो, कधी अख्खी जीआयची टाकी डिझेलला लावली जाते. डिझेल जुनं होताना त्यात थोडी आम्लं तयार होतात. ती जस्ताशी मिळून साबणासारखा चिकट पदार्थ बनवतात. तो फिल्टरवर बसतो, पुढे इंजेक्टरपर्यंत जातो. फिल्टर वारंवार चोंदत असेल आणि डिझेल स्वच्छ दिसत असेल तर लाइनवर जीआय कुठे आहे ते आधी शोधा.

तांबं दुसरं. तांब्याच्या सहवासात डिझेल लवकर खराब होतं आणि डिंकासारखा थर धरतं. रिटर्नच्या लाइनमध्ये डिझेल गरम असतं, तिथे हे जास्त घडतं. पितळेचा छोटा कॉक चालतो, कारण डिझेलला लागणारा भाग थोडा असतो. पण टाकीच्या आत तांब्याची सक्शन नळी किंवा इंजिनापर्यंत तांब्याची लांब लाइन नको. शिवाय इंजिनाच्या थरथरीनं तांब्याची नळी कडक होऊन फ्लेअरपाशी, म्हणजे जोडाच्या फुलवलेल्या टोकापाशी, तडकते. लांब लाइन सीमलेस स्टीलची करा आणि इंजिनाशी जोडताना लवचीक होज घाला.

चौथी पायरी : कॉक, निप्पल, बोल्ट

लोखंडी टाकीला लोखंडी सॉकेट वेल्ड करून त्यात गनमेटल किंवा स्टेनलेसचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. आतली सीट टेफ्लॉनची असते, तिला डिझेल काही करत नाही. पितळ आणि गनमेटल यांत समुद्रावर फरक पडतो : पितळेत जस्त खूप असतं, खाऱ्या पाण्यात ते निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ स्पंज राहतो. गनमेटल तांबं आणि कथिलाचं असतं, ते टिकतं. कॉक बिल्जजवळ असेल तर गनमेटलच.

ॲल्युमिनिअमच्या टाकीवर गनमेटल किंवा पितळ लावायचंच असेल तर मध्ये ३१६ चं निप्पल घाला, म्हणजे तांब्याचा धातू ॲल्युमिनिअमला थेट टेकणार नाही. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला.

आता स्टेनलेसची पारख. सी. पी. टँक, कुंभारवाड्याकडे स्टेनलेसचे व्यापारी भरपूर आहेत आणि चांगला माल देतात, पण आपण मागितलंच ‘एसएस’ तर मिळेल काय हे नशिबावर. हार्डवेअरच्या दुकानात २०२ नावाचं स्टेनलेस सर्रास असतं. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. घरातल्या रेलिंगला ते ठीक. ससून डॉकच्या हवेत एका हंगामात तांबूस पडतं. आणि लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, ही समजूत सोडा. २०२, ३०४, ३१६ तिन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. पत्रा असेल तर मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे ओतणीचा क्रमांक, पत्र्यावर छापलेल्या नंबराशी ताडून पाहा. छोट्या भागांसाठी मॉली टेस्टची बाटली मिळते : द्रावणाचा एक थेंब, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि मॉलिब्डेनम असेल तर रंग बदलतो. एक बाटली मच्छिमार सोसायटीत चार जणांनी मिळून घेतली तरी पुरते.

पाचवी पायरी : रबर

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण इथेच मी स्वतः चुकलो.

मढच्या एका ट्रॉलरचं काम होतं. टाकी नवी, वेल्डिंग सुरेख, सगळं मनासारखं. डेकवरच्या झाकणाची रिंग मी डिझेलात टिकणारं नायट्राइल रबर मागून दुकानातून घेतली. ‘नायट्राइलच आहे ना?’ विचारलं. ‘हो, काळं रबर सगळं तेच,’ असं उत्तर मिळालं. मी मान डोलावली आणि निघालो. ऑगस्टमध्ये बोट बाहेर पडली. दहाएक दिवसांत ती रिंग फुगून खोबणीतून बाहेर यायला लागली. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, झाकण फिरवता येईना, म्हणून त्यानं रिंग काढून फेकली आणि तसंच झाकण लावलं. डेक धुतल्याचं पाणी, पावसाचं पाणी, लाटेचं पाणी, सगळं टाकीत. किनाऱ्यापासून दोन तासांवर इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. ती रिंग ईपीडीएमची होती. ऊन-पावसाला आणि पाण्याला ईपीडीएमसारखं रबर नाही, पण तेलात ते मऊ पडून फुगतं. माणसं सुखरूप आली. पण त्यानंतर मी तपासल्याशिवाय एकही रिंग बसवलेली नाही.

डिझेलसाठी नायट्राइल, म्हणजे एनबीआर, हे रोजचं रबर. स्वस्त, सहज मिळणारं, पुरेसं टिकाऊ. त्याचं वैर ऊन आणि ओझोनशी. डेकवर उघड्यावर ते वर्षा-दोन वर्षांत भेगाळतं. म्हणून टाकीवरच्या हॅचला नायट्राइल, पण डेकच्या झाकणाला आणि गरम रिटर्न लाइनला एफकेएम, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात, ते घ्या. किंमत कितीतरी पट जास्त असते हे खरं, पण रिंगा लागतात चार-सहा. साधं नैसर्गिक रबर, सायकलची ट्यूब, सिलिकॉन आणि ईपीडीएम इंधनाला लावायचं नाही.

दिसायला सगळी काळी. मग ओळखायचं कसं? हातात वजन घेऊन थोडा अंदाज येतो, कारण त्याच मापाची एफकेएमची रिंग नायट्राइलपेक्षा स्पष्ट जड लागते. पण खरी परीक्षा बाटलीत होते.

जी रिंग बसवायची तिच्याच पाकिटातली एक जास्तीची घ्या. व्हर्नियरनं तिची जाडी मोजा, आकार कागदावर पेन्सिलीनं गिरवून ठेवा. काचेच्या बाटलीत तुमच्याच बोटीत पडणारं डिझेल घ्या, रिंग बुडवा, झाकण लावा आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहा. ईपीडीएम किंवा साधं रबर असेल तर बहुतेक वेळा इथेच ते ढिलं आणि मोठं झालेलं दिसतं. सात दिवसांनी बाहेर काढून पुसा आणि पुन्हा मोजा. किंचित फुगवटा नायट्राइलमध्येही येतो, त्यानं बिघडत नाही, उलट जोड घट्ट बसतो. पण रिंग कागदावरच्या रेघेबाहेर स्पष्ट जात असेल, बोटाला चिकट लागत असेल, किंवा डिझेल काळं झालं असेल, तर अख्खं पाकीट परत करा. शेवटची पायरी लोक गाळतात : ती रिंग दोन दिवस हवेत वाळू द्या. वाळल्यावर कडक आणि आखडलेली झाली तर तिच्यातलं मऊपण डिझेलनं काढून नेलं आहे. बोट शाकारून टाकी रिकामी ठेवाल तेव्हा तुमच्या रिंगेचं हेच होणार.

हीच परीक्षा नळीच्या कापलेल्या तुकड्याला आणि पॅकिंगच्या शीटलाही करा.

सहावी पायरी : नळ्या आणि क्लिपा

पारदर्शक जाळीची पीव्हीसी नळी स्वस्त आहे, आतलं डिझेल दिसतं, म्हणून छोट्या बोटींवर ती सर्रास असते. तिचं मऊपण ज्या पदार्थामुळे असतं तो डिझेल हळूहळू ओढून घेतं. नळी पिवळी पडते, काठीसारखी कडक होते आणि थरथरीनं निप्पलपाशी तडकते. इंजिनरूममध्ये आग लागली तर ती सर्वांत आधी वितळते आणि आगीला टाकीतलं डिझेल पाजते. एवढ्या एका कारणासाठी ती काढून टाका.

इंजिनरूममध्ये घ्यायची नळी म्हणजे आयएसओ ७८४० हे इंधन-नळीचं आंतरराष्ट्रीय मानक छापलेली, ए१ प्रकारची. अडीच मिनिटं ज्वाळेत राहूनही तग धरते की नाही याची चाचणी या मानकात असते. अडीच मिनिटांत कॉक बंद करून आग विझवणारं सिलिंडर हाती येतं. छाप नळीच्या अंगावर लांबीभर पुन्हा पुन्हा असायला हवा, नुसत्या लेबलवर नको, आणि त्यात बनवल्याचं साल पाहा. ती मिळत नसेल तर नागदेवीला टोकं प्रेस करून मिळणारी, आतून नायट्राइलची हायड्रॉलिक होज सप्लाय-रिटर्नला मजबूत असते, पण आगीतलं ते मानक तिला आहे असं धरून चालू नका.

क्लिपांमध्ये फसवणूक नेहमी स्क्रूमध्ये असते. पट्टी स्टेनलेसची, स्क्रू साधा जस्ताचा मुलामा दिलेला. इथे मात्र चुंबक उपयोगी पडतो. स्क्रूला तो टच्चकन चिकटला तर क्लिप बाजूला ठेवा. आरपार भोकं असलेली पट्टी नळी कापते, कडा वळवलेली सलग पट्टी घ्या. भरायच्या जाड नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा.

सातवी पायरी : आटे आणि पॅकिंग

टेफ्लॉन टेप डिझेलमध्ये टिकतो, पण आट्यावरून सुटलेला त्याचा धागा फिल्टरात किंवा पंपात जातो. त्यापेक्षा इंधनाला चालणारी टेफ्लॉनची पेस्ट किंवा नळीतून मिळणारं ॲनएरोबिक, म्हणजे हवा तुटल्यावर आट्यात घट्ट होणारं, सीलंट बरं. हे सीलंट पितळ-लोखंडावर स्वतः घट्ट होतं, स्टेनलेसवर मात्र त्यासोबतचा प्रायमर लावावा लागतो, नाहीतर दिवसभर ओलंच राहतं. टेपच वापरणार असाल तर टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोडा.

हॅचच्या झाकणाखाली नायट्राइलची शीट किंवा नायट्राइल-कॉर्क. लाल-निळी सिलिकॉनची ट्यूब पिळून काम उरकणं ही फार पसरलेली सवय आहे. इंधनात ते सिलिकॉन फुगतं, आतल्या बाजूला आलेली त्याची गुठळी सुटते आणि सक्शनच्या तोंडाशी जाऊन बसते. बोल्ट गोलाकार क्रमानं न आवळता समोरासमोर आवळा, आणि एकदम नव्हे, दोन-तीन फेऱ्यांत.

आठवी पायरी : झाकण, ब्रीदर, गेज

डेकचं झाकण क्रोमचं चकचकीत असेल तर आत बहुधा जस्ताचं ओतकाम असतं. क्रोमला ओरखडा गेला की आटे झिजतात. ३१६ चं ओतीव किंवा गनमेटलचं घ्या. झाकणाचं तोंड आणि टाकी यांमध्ये रबराची नळी असते, म्हणून दोन्ही धातू तारेनं जोडून ठेवा, भरताना तयार होणारी स्थिर वीज वाहून जाते.

ब्रीदरची नळी वर नेऊन तोंड हंसाच्या मानेसारखं खाली वळवा, लाट जिथे पोचत नाही तिथे. तोंडाला ३१६ ची जाळी लावा, पण रंगारी ती रंगानं बुजवत नाही ना, हे दर हंगामात पाहा. ब्रीदर बुजला की टाकी आत ओढली जाते आणि इंजिन डिझेलसाठी तडफडतं.

गेजसाठी बाहेरून लावलेली पारदर्शक नळी असेल तर ती काचेची, धातूच्या आवरणात घाला, आणि खालचा कॉक डिझेल बघण्यापुरताच उघडा. तो कायम उघडा ठेवणं म्हणजे अख्खी टाकी एका काचेच्या भरवशावर सोडणं.

नववी पायरी : टाकी टेकते कुठे

टाकीखाली गोणपाट, काथ्या, गादीचा फोम, प्लायवूडचा तुकडा घालू नका. हे सगळं खारं पाणी धरून ठेवतं. पाणी न शोषणाऱ्या नायट्राइल किंवा निओप्रीनच्या पट्ट्या इपॉक्सीनं टाकीला चिकटवा, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्यात ओल शिरणार नाही. सगळीकडून हाताचं बोट जाईल एवढी फट ठेवून हवा खेळती ठेवा.

पेट्रोलच्या होड्यांसाठी

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. तो थर धातू खातो. जुन्या फायबरच्या टाक्यांचं रेझिन इथेनॉलनं सुटतं आणि इंजिनात काळा चिकट थर होतो, त्यामुळे फायबरची जुनी टाकी पेट्रोलला नकोच. पॅकिंगला शेलॅक लावायची जुनी पद्धत इथे चालत नाही, शेलॅक अल्कोहोलमध्येच विरघळतो. रिंगा एफकेएमच्या, नळी आणि हाताचा पंप इथेनॉलसाठी बनवलेले घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये साठते. पेट्रोलवर एकही जोड ‘जरासा ओला’ चालवून घेऊ नका.

शेवटची पायरी : पाण्यानं तपासणी

कॉम्प्रेसर लावून टाकी फुगवणं धोक्याचं आहे. सपाट पत्रा थोड्या हवेनंही फुगतो आणि फुटला तर जोरात फुटतो. त्यापेक्षा टाकी पाण्यानं काठोकाठ भरा, बाकीची तोंडं बंद करा आणि ब्रीदरच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडून ती टाकीच्या माथ्यापासून दोन मीटर उंच बांधा. नळी वरपर्यंत भरा. दोन मीटर पाण्याचा दाब म्हणजे जवळजवळ २० किलोपास्कल, बोटीच्या टाक्यांच्या चाचणीला एवढाच दाब धरतात. नळीवर खूण करा, पाणी खाली येत नाही ना हे अर्धा तास पाहा, प्रत्येक वेल्ड आणि जोड कोरड्या कागदानं पुसून पाहा. त्यानंतर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा आणि लोखंडी असेल तर त्याच दिवशी आतून डिझेलचा बोळा फिरवा.

बोट पाण्यात गेल्यावर पहिल्या दहा तासांनी सगळ्या क्लिपा आणि हॅचचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण नवं पॅकिंग दबतं. ड्रेनमधून काचेच्या बाटलीत पेलाभर डिझेल काढून पाहा, खाली पाण्याची रेघ आहे का. पहिला महिना हे दर आठवड्याला करा. वहीत प्रत्येक भागापुढे साहित्य, दुकान आणि तारीख लिहा, आणि चाचणीतली उरलेली रिंग त्याच पानाला टाचून ठेवा; पुढच्या वर्षी पोऱ्याला नागदेवीला पाठवताना ती त्याच्या हातात देता येते.